हमीभाव विकत मिळतो, पण कितीला?

वाचकाचं पत्र

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते. वय ४९, अनुदानित शाळेत शिक्षिका. यजमानांची सहा एकर शेती, मुख्य पीक कापूस. पगारातून दर महिन्याला थोडे थोडे घालून आठ वर्षांत त्यांनी निफ्टीचा ईटीएफ (निफ्टी निर्देशांकातले सगळे शेअर एकत्र असलेला, शेअरसारखाच बाजारात मिळणारा फंड) जमवला. आज त्याची किंमत ११ लाखांच्या आसपास आहे. मुलगी अकरावीत आहे आणि दोन वर्षांनी तिच्या शिक्षणाला यातले पाच-सहा लाख लागतील.

त्या लिहितात: "बाजार पडला की माझी झोप उडते. बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, 'मावशी, तुझ्या ईटीएफवर पुट घेऊन टाक. विमाच असतो तो. बाजार कितीही पडू दे, तुझा तोटा शून्य.' त्यानं एक व्हिडिओही दाखवला. पण ॲपमध्ये शोधलं तर माझ्या ईटीएफचा पुट कुठे सापडला नाही. आता म्हणतो, निफ्टीचा घे. आणि हात बसला की आपण पुट विकायला लागू, दर महिन्याला घरभाड्यासारखे पैसे येतील. ईटीएफ तारण ठेवला की बरंचसं भागतं म्हणे. यजमानांना विचारलं तर ते एवढंच बोलले, 'हाऊ सट्टा शे.' भाचा शिकलेला, यजमान चार पावसाळे जास्त पाहिलेले. खरं कोणाचं? आणि हा पुट म्हणजे नक्की काय, हे मला कोणी कापसाच्या भाषेत सांगेल का?"

उत्तर

ताई,

कापसाच्या भाषेत सांगायला मला आवडेलच. माझं माहेर चोपड्याकडचं, माझं बालपण केळी आणि कपाशीच्या वावरात गेलं. पण आधी तुमच्या ॲपचा विषय संपवू, कारण तिथे तुमची काही चूक झालेली नाही. तुमच्या ईटीएफचा पुट दिसला नाही, कारण तो नाहीच. आपल्याकडे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारे करार (पुट त्यातलाच एक), चालतात ते निफ्टीसारख्या निर्देशांकांवर आणि निवडक कंपन्यांच्या शेअरवर. ईटीएफवर नाहीत. भाच्यानं दाखवलेला व्हिडिओ बहुधा अमेरिकेतला असणार. तिथे एसपीवाय नावाचा ईटीएफ १९९३ पासून आहे आणि त्यावर पुट मिळतात. एका कराराला १०० युनिट, मुदतीआधी कधीही वापरता येतो, आणि वापरला की खरोखरची युनिट देऊन ठरलेला भाव घेता येतो. म्हणजे ज्याच्याकडे १०० युनिट आहेत त्यानं एक पुट घ्यायचा, हिशोब तंतोतंत जुळतो. व्हिडिओत ते इतकं सरळ दिसतं ते यामुळेच.

इथे तुमच्यासमोर आहे तो निफ्टीचा पुट. तो फक्त मुदतीच्या दिवशी वापरला जातो, युनिट द्यावी-घ्यावी लागत नाहीत, जो फरक निघेल तो रोखीत मिळतो. आणि त्याचा लॉट, म्हणजे एका कराराचा ठरलेला आकार, तुमच्या ११ लाखांकडे बघून ठरलेला नसतो. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता कापूस. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. समजा गावात आलेला व्यापारी ७,२०० देतो आहे. तुमचे यजमान काय करतील? कपास किसान ॲपवर नोंदणी केलेली असेल तर गाडी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नेतील. आणि व्यापारी ८,६०० देत असेल तर? तर सीसीआयकडे कोण फिरकतंय. सीसीआय येऊन विचारत नाही की नोंदणी केली होती, मग माल का नाही आणला. ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क आहे, सक्ती नाही. पुट म्हणजे एवढंच. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, केंद्र बंद होण्याचा दिवस म्हणजे एक्स्पायरी. अटीही असतात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत, हे तुमच्या घरात मला सांगायची गरज नाही.

फरक एकच, पण फार मोठा. हमीभाव शेतकऱ्याला फुकट मिळतो, त्यामागचा खर्च सरकार सोसतं. बाजारात हा हमीभाव विकत घ्यावा लागतो. समोर कोणीतरी माणूस असतो, तो म्हणतो की भाव पडला तर मी भरपाई करतो, त्याचे मला आज इतके रुपये द्या. ते रुपये म्हणजे प्रीमियम, विम्याचा हप्ता. भाव पडला नाही तर ते गेले.

म्हणून यजमानांना हळूच सांगा, की ज्याला ते सट्टा म्हणतात त्याचाच एक प्रकार ते दर दिवाळीनंतर वापरतात. त्यांचा शब्द मात्र हवेतून आलेला नाही. आपल्या जुन्या बाजारपेठांत ऑप्शनला तेजी-मंदी म्हणत, आणि आज आपण ज्याला पुट म्हणतो ती म्हणजे मंदी. १९५२ च्या वायदा कायद्यानं मालावरची तेजी-मंदी बंद केली, कारण तिचा जुगार झाला होता. निफ्टीवरचे ऑप्शन आले ते जून २००१ मध्ये. मधली पन्नास वर्षं हा शब्द घराघरांत बदनामच राहिला. तेव्हा त्यांची भीती खोटी नाही. पण कोणता भाग विमा आणि कोणता सट्टा, हे एका शब्दात उरकत नाही, आकडे मांडावे लागतात.

मांडू या. निफ्टी २५,००० वर आहे असं धरू आणि लॉट ७५ चा धरू. लॉटचा आकडा अधूनमधून बदलतो, त्यामुळे तुम्ही वाचाल त्या दिवशीचा बघून घ्या. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला की निर्देशांकाचा नवा करार किमान १५ लाखांचा असावा, त्यामुळे तो यापेक्षा फार लहान होणार नाही. २५,००० गुणिले ७५ म्हणजे १८ लाख ७५ हजार. तुमचा ईटीएफ ११ लाखांचा. अर्धा लॉट मिळत नाही. म्हणजे ११ लाखांच्या मालाला पावणेएकोणीस लाखांचा विमा. घराच्या किमतीच्या पावणेदोन पट विमा उतरवलेला माणूस घर जळायची वाट बघतो असं मी म्हणत नाही, पण त्याचं आणि आगीचं नातं बदलतं एवढं खरं.

समजा महिनाभराच्या मुदतीचा, २४,००० चा पुट १०० रुपयांना मिळाला. हे आकडे हिशोबापुरते धरले आहेत, प्रत्यक्ष भाव रोज बदलतो. १०० गुणिले ७५, म्हणजे ७,५०० रुपये. महिनाअखेर निफ्टी २४,३०० वर आला, तर ईटीएफ साधारण ३१ हजारांनी खाली, पुटची किंमत शून्य, आणि ७,५०० वर गेले ते वेगळेच. भाच्याचं 'तोटा शून्य' इथेच संपलं. २४,००० पर्यंतची पडझड तुमची तुम्हालाच सोसायची आहे. २३,००० वर आला तर ईटीएफमध्ये ८८ हजारांचा खड्डा, पुटमधून हप्ता वजा जाता ६७,५०० हातात, म्हणजे साडेवीस हजारांवर निभावलं. इथपर्यंत तो विमाच आहे, आणि बरा विमा आहे. आता २२,००० बघा. ईटीएफमध्ये १ लाख ३२ हजार गेले, पुटमधून १ लाख ४२ हजार ५०० आले. बाजार १२ टक्के कोसळला आणि तुम्ही दहा हजारांनी फायद्यात! इथे यजमान बरोबर ठरतात. जेवढ्या भागाला मागे माल नाही, तेवढा भाग सट्टा आहे, मग घेताना मनात काहीही असो.

आणि हप्ता? दर महिन्याला ७,५०० म्हणजे वर्षाला ९० हजार. ११ लाखांवर आठ टक्क्यांहून जास्त. चांगल्या वर्षी निफ्टीनं जे कमावून दिलं असतं त्याचा मोठा हिस्सा हप्त्यातच जातो. वाईट वर्षी भरपाई मिळेल, पण वाईट वर्षं दर वर्षी येत नाहीत, आणि बाजार इतका उदार नाही की हप्त्यापेक्षा जास्त भरपाई वर्षानुवर्षं देत राहील. विकणाराही पोट भरायलाच बसलेला असतो.

या हप्त्याचा आणखी एक स्वभाव आहे. पुट घेतल्या दिवसापासून तो कापलेल्या केळीच्या घडासारखा असतो. बाजार जागचा हलला नाही तरी त्याची किंमत रोज थोडी उतरते, आणि शेवटच्या आठवड्यात तर भराभर काळा पडतो. घड झाडावर असेपर्यंत तुम्ही थांबू शकता. कापला की घाई. ईटीएफ हे झाड आहे, पुट हा कापलेला घड. आठ वर्षं तुम्ही झाड सांभाळलंत, दोन्हींना एकच वेळापत्रक लावू नका.

विम्यावरून नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक आठवण सांगते. आमच्या केळीला हवामानावर आधारलेला विमा होता. एका मे महिन्यात वादळानं अर्धी बाग आडवी झाली. नाना निश्चिंत, विमा आहे. पण हा विमा बाग बघून पैसे देत नाही, मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा बघून देतो. केंद्राच्या यंत्रात वारा ठरल्या वेगाला पोचलाच नव्हता. बाग आडवी, आकडा उभा, भरपाई नाही. पुढे एका थंडीत उलटं झालं. यंत्रात पारा उतरला, आमच्या बागेला फारसं काही झालं नव्हतं, तरी पैसे आले. नाना हसून म्हणाले, या विम्याला आपलं वावर माहीतच नाही. निफ्टीच्या पुटलाही तुमचा डीमॅट माहीत नसतो, तो निफ्टीचा आकडा बघतो. तुमच्याकडे निफ्टीचाच ईटीएफ आहे म्हणून हे बऱ्यापैकी जुळतं. पण हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे मिडकॅप (मध्यम आकाराच्या कंपन्यांचा) फंड किंवा चार-दोन सुटे शेअर आहेत, त्यांनी निफ्टीचा पुट हा आपला विमा समजू नये. त्यांची बाग आणि यंत्र यांच्यात बरंच अंतर आहे. (जळगावच्या सराफ्यावर वाढलेले काही जण विचारतील, गोल्ड ईटीएफचं काय? त्यावरही पुट नाही. एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्याच्या वायद्यावरचे ऑप्शन २०१७ च्या धनत्रयोदशीला सुरू झाले, पण लेकीसाठी चार तोळ्यांइतकं सोनं जमवणाऱ्यानं त्या वाटेला जाण्याचं मला तरी कारण दिसत नाही.)

भाचा म्हणेल, मग २०२० चं काय? प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२० मध्ये १२,३६२ वर बंद झालेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के. ज्यानं फेब्रुवारीत पुट घेऊन ठेवला होता त्याला तो खरोखर पावला. पण फेब्रुवारीत घ्यायचं सुचलं किती जणांना? मार्चमध्ये सगळ्यांना सुचलं, आणि तोवर हप्ते आभाळाला भिडले होते. बाजाराची भीती मोजणारा इंडिया व्हिक्स तेव्हा ८० च्या वर गेला होता, एरवी तो बराच काळ पंधराच्या आसपास असतो. आभाळ भरून आल्यावर केळीचा विमा काढायला गेलं की मुदत संपलेली असते. बाजार मुदत संपवत नाही, फक्त भाव असा लावतो की विमा काढून उपयोग नाही. आणि याच गोष्टीचा दुसरा भाग भाच्याच्या व्हिडिओत नसणार. काहीही न करता बसून राहिलेल्याचा निफ्टी नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या पातळीवर परतला होता.

सगळ्याच पडझडी अशा धाडकन येत नाहीत, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२४ अखेरीस २६,२०० च्या पुढे गेलेला निफ्टी मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,१०० च्या आत आला. पाच महिने, पायऱ्या उतरल्यासारखा. अशा उतारात महिन्याचा पुट घेणाऱ्याला दोन-तीन महिने काहीच मिळत नाही. शिवाय प्रत्येक नवा पुट नव्या, खालच्या भावावरून मोजला जातो. हमीभावच दर महिन्याला कमी जाहीर व्हावा, तसं.

आता पत्रातलं ते वाक्य, ज्यानं मी खरी दचकले. पुट विकून घरभाडं. ताई, पुट विकणं म्हणजे सीसीआय होणं. लोकांनी पडेल भावाच्या दिवसांत आणलेला माल ठरलेल्या भावानं घ्यायची सक्ती स्वतःवर ओढवून घेणं. सीसीआयच्या मागे सरकारची तिजोरी आहे. तुमच्या मागे काय आहे? ११ लाखांचा ईटीएफ, आणि तोही तारण. बहुतेक महिने ७,५०० रुपये खरंच येतील, म्हणूनच ते भाडं वाटतं. मग एक महिना असा येईल की निफ्टी २२,००० वर असेल. विकलेल्या पुटमध्ये १ लाख ४२ हजार ५०० देणं, ईटीएफमध्ये १ लाख ३२ हजारांची घट. एकूण पावणेतीन लाख. म्हणजे तुमच्या आठ वर्षांच्या जमेचा चौथा हिस्सा एका महिन्यात, तीन वर्षांचं 'भाडं' एका झटक्यात. आणि तारणाची किंमत घसरते तेव्हाच देणं वाढत असतं, म्हणून ब्रोकर जादा मार्जिन, म्हणजे अनामत, मागणार तेही नेमकं त्याच दिवशी. भाडेकरू घर सोडून जाऊ शकतो, हे मान्य. पण भाडेकरू कधी घरमालकाकडून पावणेतीन लाख घेऊन जातो का?

विमा घेणं आणि विमा कंपनी होणं, या दोन गोष्टींना भाच्यानं एकाच वाक्यात बसवलं. तो वाईट हेतूनं बोलला असं मला वाटत नाही. या वयात दोन-तीन महिने भाडं आलं की घर आपलंच वाटतं. त्याला सेबीचा २०२५ चा अभ्यास वाचायला सांगा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात इक्विटी डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे शेअर-निर्देशांकांच्या वायदे-ऑप्शनमध्ये, उतरलेल्या व्यक्तींपैकी ९१ टक्के तोट्यात होत्या, आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या वर होता. त्या ९१ टक्क्यांतल्या बऱ्याच जणांनी असाच एखादा व्हिडिओ पाहिला असणार, असा आपला माझा अंदाज.

दोन कागदी गोष्टी पटकन सांगते. एक, ऑप्शनमधला नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न धरला जातो, त्यामुळे तुमचं सुटसुटीत विवरणपत्र जाऊन आयटीआर-३ भरावा लागेल आणि बहुधा सीए गाठावा लागेल. दोन, सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत शेअरमधल्या सट्ट्याला मनाई आहे. अनुदानित शाळेत तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते शाळेच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, मग बाकीचं.

इतकं सगळं पुटबद्दल झालं. पण तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, तुमचा प्रश्न पुटचा नाहीच. 'बाजार पडला की झोप उडते' हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलंत आणि मुलीच्या शिक्षणाचे पाच-सहा लाख मागे कुठेतरी. माझ्या मते झोप उडवणारे तेच पाच-सहा लाख आहेत. उरलेल्या पाच लाखांसाठी तुमची झोप उडत नसणार. तुम्ही अमळनेरच्या आहात. १९४५ मध्ये तुमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी ते कागद ट्रंकेत ठेवून दिले त्यांच्या गोष्टी ऐकत तुम्ही मोठ्या झाला असाल. धरून ठेवणं तुमच्या पाण्यातच आहे. (प्रत्येक कंपनीची विप्रो होत नाही, हे त्या गोष्टींत सांगत नाहीत. तुम्ही एका कंपनीऐवजी निफ्टी घेतलात ते शहाणपणाचंच.) पण त्या ट्रंकेतल्या कागदांवर कोणाच्या दोन वर्षांनंतरच्या फीची तारीख लिहिलेली नव्हती. तुमच्या निम्म्या ईटीएफवर ती लिहिलेली आहे. ज्या पैशाला तारीख आहे तो बाजारात ठेवायचा आणि वर विमा काढायचा, यापेक्षा तो बाजारातून काढून घेणं स्वस्त पडतं. त्याला हप्ता नाही.

एकदम काढू नका. वर्षभराहून जुन्या युनिटवरचा दीर्घ मुदतीचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यावर साडेबारा टक्के. तुमची जुनी युनिट बऱ्याच नफ्यात असणार आणि विक्री सगळ्यात जुन्यापासून मोजली जाते. म्हणून थोडी मार्चमध्ये, थोडी एप्रिलमध्ये, उरलेली पुढच्या वर्षी, अशी विभागली तर कर बराच वाचतो. आलेले पैसे चांगल्या बँकेत किंवा पोस्टात, मुलीच्या प्रवेशाच्या सुमारास मुदत संपेल अशा ठेवींत ठेवा. व्याज कमी वाटेल, वाटू द्या. आणि दर महिन्याची नवी खरेदी? ती चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण फक्त त्या पैशाची ज्याला पुढची सात-आठ वर्षं तारीख नाही.

मग पुट कधीच घ्यायचा नाही का? असं नाही. समजा कोणाकडे १९-२० लाखांचा निफ्टीचा ईटीएफ आहे, युनिट घेऊन दहा महिने झालेत, वर्ष भरायला दोन महिने बाकी आहेत म्हणून आत्ता विकायचं नाही, आणि मधे निवडणुकीच्या निकालासारखी धास्ती आहे. ४ जून २०२४ ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला होता. अशा माणसानं एका लॉटचा, त्या मुदतीपुरता एक पुट घेतला, हप्ता गेला असं घेतानाच समजला, आणि काम झाल्यावर तो बंद करून बाहेर पडला, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माल तेवढाच, मुदत ठरलेली, कारण स्वतःचं. तुमच्याकडे यातलं एकही जुळत नाही.

राहिले घरातले दोन पुरुष. यजमानांना २०२२ ची आठवण करून द्या. त्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पुढे गेला, म्हणून पुढच्या वर्षी आपल्याकडे घरोघर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, भाव वर यायचं नाव घेईना, शेवटी पडेल त्या भावात गाड्या भरल्या. तुमच्या घरी नसेल झालं, पण शेजारी नक्की झालं असेल. ती जोखीम तुमच्या ईटीएफपेक्षा लहान नव्हती, फक्त ओळखीची होती. हे भांडायला म्हणून सांगू नका. तुम्ही आठ वर्षं पगारातून जे जमवलंत तेही वावरच आहे, आणि त्याचं काय करायचं हे एका शब्दात मोडीत निघू नये, एवढ्यासाठी सांगा.

भाच्याला फोन करून सांगा की पुट आणि हमीभाव सारखाच, हे मावशीला कळलं. मग त्याला विचारा, तू विकायला सांगतोयस तर सीसीआय कोण होणार, मी की तू? तो हसेल, विषय बदलेल, कदाचित त्याचे स्वतःचे किती गेले तेही सांगेल. ते ऐकून घ्या. पण ॲपचा पासवर्ड आणि ओटीपी त्याला देऊ नका. आणि एफ ॲण्ड ओ, म्हणजे वायदे-ऑप्शनचा विभाग, सुरू करण्यासाठी ॲप उत्पन्नाचा पुरावा मागेल, तिथे पगाराची स्लिप चढवू नका. तो विभाग बंद आहे तोवर चुकूनही पुट विकला जाणार नाही.

पहिली विक्री किती युनिटची करायची याचा आकडा मात्र फेब्रुवारीतच काढून ठेवा. मार्चअखेर शाळेत पेपर तपासणी असते, तेव्हा तुम्हाला वेळ मिळणार नाही.